पुदिनीची पोर आणि जगदाळ्यांची कन्या

लिहून ठेवणार: शालिनी विश्वासराव धुमाळ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मुरार, ग्वाल्हेर.

आज सर्वपित्री अमावास्या. श्राद्ध उरकलं, कावळा जेवला, संग्राम दोन वाट्या खीर पिऊन झोपला आहे आणि मी खिडकीपाशी ताठ बसून हे लिहिते आहे. बुधवारी दिल्लीला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. डॉक्टरांना काळजी कशाला असेल, झडप माझी आहे. तेव्हा परत आले तर हा कागद मीच फाडीन. नाही आले तर हीच माझी शेवटची इच्छा समजावी आणि याआधी रागाच्या भरात जे काही लिहिलं-बोलले असेन ते रद्द धरावं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उलट या घरात गेली काही वर्षं दडपण असलंच तर माझंच आहे.

बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा वकीलसाहेबांनी मागितला. मी त्यांना त्यांच्याच मसुद्यातल्या चार चुका दाखवल्या. ते म्हणाले, मांजी, हिंदीत लिहा, कोर्टात सोपं जाईल. मी म्हटलं, हिंदीत मी भाजी घेते. रागवायचं असतं तेव्हा मला मराठी लागते.

कलम पहिले. मुरारचं राहतं घर माझा एकुलता एक मुलगा संग्रामसिंह याला द्यावं. अट एकच. मागच्या अंगणातली पत्र्याची पागा, पुदिनी जिवंत आहे तोवर मोडायची नाही. संग्राम सिटी सेंटरला बसून लोकांना प्लॉट दाखवतो. त्याला रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. चारचौघांत तो मला ‘आईसाहेब’ म्हणतो आणि घरात ‘मम्मी’. दोन्ही हाकांना मी ओ दिलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

कलम दुसरे. पुदिनी ही आमची घोडी. कागदावर तिचं नाव ‘मिंट टी’ आहे. ती माझी नात शिखा हिला द्यावी. हे जनावर आमच्याकडे कसं आलं ते इथे लिहिणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमचे हे, म्हणजे कैलासवासी विश्वासराव, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. बोलण्यात पानिपत आणि बसायला स्कूटर. दर दसऱ्याला आमच्या धुमाळ कुलमंडळाची मिरवणूक निघते. तिच्यासाठी घोडे बँडवाल्याकडून भाड्याने येत, आणि आदल्या वरातीची चमकी त्यांच्या आयाळीला तशीच असे. ह्यांना ते फार लागे. ‘धुमाळांनी नवरदेवाच्या घोड्यावर बसावं का?’ असं म्हणत ते तीस वर्षं त्याच घोड्यावर बसले. शेवटी बावीस साली पुण्याकडचा एक घोडेपैदाशीचा फार्म बंद होत होता, तिथल्या लिलावाला हे आणि माझे चुलत दीर कान्होजीराव जोडीने गेले. शर्यतीच्या अस्सल जातीची एक घोडी पुढे आणली. ह्यांनी विचारलं, ‘बाप कोण?’ बापाचं नाव मोठं निघालं. झालं, सही केली. आई कोण, ते विचारलं नाही. पोट एवढं का, तेही विचारलं नाही. आमच्याकडे सोयरीकसुद्धा अशीच ठरते, त्यामुळे दोघांनाही यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

घोडी मुरारला आली. कान्होजी भाऊजी तिच्याभोवती फिरून म्हणाले, ‘वहिनीसाहेब, बघा कशी भरली आहे! खानदानी अंग.’ दसऱ्याला ह्यांनी तलवार लावली, मंदील बांधला आणि निघाले. पुदिनी बाड्यापर्यंत, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकापर्यंत गेली आणि तिथे मधोमध जी थांबली ती हलेना. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून राहिले. एक जण ओरडला, ‘चाचा, किक मारो!’ हे खाली उतरले आणि उरलेली मिरवणूक लगाम धरून चालत आले. घरी आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी तर घरीच होते!

त्याच मार्गशीर्षात साध्या तापाचं निमित्त होऊन हे गेले. ह्यांच्यावर मी एवढं लिहिते म्हणून कोणी गैरसमज करून घेऊ नये. मला हे फार आवडायचे. स्कूटरवर मागे बसून मी ग्वाल्हेर पाहिलं.

जानेवारीत घोडीला पोटफुगी झाली असं समजून मी मुरारचेच डॉक्टर सौरव यांना बोलावलं. ते जनावरांचे डॉक्टर. त्यांनी पोटाला कान लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काकू, हिला गॅस नाही. हिला दहावा महिना चालू आहे.’ म्हणजे सहा महिन्यांची गाभण घोडी विकत घेऊन, सातव्यात तिच्यावर मंदील बांधून बसले होते आमचे सरदार! लिलावाचं पाकीट मी ह्यांच्या कपाटातून काढलं. ते फोडलेलंच नव्हतं. आत सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. घोडा कोणता दाखवला, कोणत्या तारखेला दाखवला, सगळं शिक्क्यानिशी.

अकरा फेब्रुवारीला पोर झाली. तांबूस, कपाळावर तिरकी पांढरी रेघ, आणि पाय एवढे लांब की ते कुठे ठेवायचे हे तिचं तिलाच कळेना. भाऊजी बघायला आले. ‘शिंगरी का? असू द्या. पुढच्या खेपेला होईल.’ माझी शिखा झाली तेव्हा हॉस्पिटलात त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा मी थर्मासातला चहा दिला. या खेपेला चहा दिला नाही.

मग शिखाने सूत्रं हातात घेतली. फॉर्म आणले, पोरीच्या अंगावरच्या खुणांची चित्रं काढून पाठवली, केसांची मुळं पाकिटात घालून पाठवली. अस्सल घोड्याची नोंद तोंडच्या शब्दावर होत नाही, आई आणि बाप दोघेही तपासून घेतात. आमच्या मंडळातल्या पुरुषांच्या केसांची मुळं अशी पाठवली असती तर... असो. डॉक्टर साक्षीदार आहेत, त्यांना संकोच होईल.

कलम तिसरे. कान्होजीरावांविषयी. भाऊजींकडे धुमाळांची वंशावळ आहे. कापडावर रंगवलेला मोठा वृक्ष, चौदा पिढ्या, सगळे पुरुष. मुली त्यावर नाहीतच. बायका आहेत, पण नावाने नाहीत. कोणाखाली ‘मोहित्यांची कन्या’, कोणाखाली ‘काकड्यांची कन्या’. ह्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, ‘जगदाळ्यांची कन्या’. ती मी. नवी सून होते तेव्हा मी एकदा विचारलं की नाव लिहायला काय हरकत आहे. तेव्हा सासरे हसले. पुढे वंशावळ भाऊजींच्या ताब्यात आली, तेव्हा परत विचारलं. भाऊजी म्हणाले, ‘वहिनीसाहेब, झाडाची फळं दाखवतात, मुळं कोणी उकरून दाखवतं का?’ पंगतीत सगळ्यांनी वाहवा केली. मी वाढत होते, वाढत राहिले.

आणि मग पुदिनीच्या पोरीचा दाखला आला. शिखाने तो टेबलावर पसरला. त्यात आई, तिची आई, तिची आई, अशा ओळीने बाया मागे मागे गेलेल्या, आणि प्रत्येकीला नाव! पुण्याचे ट्रेनर रमाकांत, ज्यांच्याकडे पोर दीड वर्षाची असताना पाठवली, त्यांनी मला फोनवर समजावलं. ‘बाई, घोड्यांत घराणं म्हणजे आईचं घराणं. एका बापाची शंभर पोरं असतात, त्यांना आम्ही भावंडं म्हणतच नाही. एका आईच्या पोटची तीच भावंडं. आणि नाव ठेवेपर्यंत पोर आईच्या नावानेच ओळखायची.’ तिथे पुण्याला तिच्या पागेच्या दारावर खडूने लिहिलंय, ‘मिंट टी, तेवीस’. हे ऐकून मी एवढी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. जनावरांना जे कळलं ते आमच्या चौदा पिढ्यांना कळू नये! मग हसू ओसरलं आणि मला रडू आलं, तेही इथे लिहून ठेवते.

म्हणून: त्या दाखल्याची मोठी प्रत मी फ्रेम करून ठेवली आहे. ती कान्होजीरावांना द्यावी आणि त्यांनी ती वंशावळीच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर लावावी. ह्यांची तलवार आणि मंदीलही त्यांनाच द्यावा. तलवार बोथट आहे, भाऊजींना लागणार नाही.

कलम चौथे. पोरीविषयी. हे मुख्य कलम आहे, संग्रामने चष्मा लावून वाचावं.

पोर आता अडीच वर्षांची झाली. अजून एकही शर्यत पळालेली नाही. डिसेंबरात मुंबईला पहिली पळेल. पण ऑगस्टमध्ये रमाकांतांचा फोन आला. हा माणूस कोणाची स्तुती करत नाही, घोड्याची तर नाहीच. म्हणाला, ‘बाई, आज तिला दोन मोठ्या घोड्यांबरोबर सोडलं. वर बसलेल्या पोऱ्याने लगाम ओढून धरला होता, तरी ती पुढे. थांबल्यावर तिला धाप नाही, धाप मला.’ ही बातमी शिखाने फोटोसकट कुठेतरी टाकली आणि इथल्या पेपरात आली: ‘ग्वालियर की बेटी दौड़ेगी मुंबई में’.

झालं! ज्यांनी ‘शिंगरी का?’ म्हटलं ते भाऊजी हार घेऊन आले. म्हणाले, आपले मूळपुरुष ज्या घोडीवरून नर्मदा उतरले तिचाच हा वंश असणार. मी म्हटलं, भाऊजी, दाखला आहे, त्यात नर्मदा नाही. ते म्हणाले, दाखले इंग्रजांनी केले.

आणि संग्राम? त्याने सिटी सेंटरच्या एका मोटार-शोरूमवाल्याला पोर विकायचा शब्द देऊन ठेवला आहे, मला न विचारता. मी दिल्लीला ऑपरेशनच्या टेबलावर असताना कागद करायचा बेत आहे. मला कसं कळलं? संग्राम फोनवर ओरडून बोलतो, बापाचा एवढा एकच गुण त्याने घेतला. त्या शोरूमवाल्याला घोडी पळवायची हौस नाही. त्याला फक्त तिला शोरूमचं नाव द्यायचं आहे. संग्राम म्हणतो, ‘मम्मी, घोडा आहे, काय फरक पडतो?’

फरक पडतो. म्हणून पोर मी शिखाला देते, एकटीला, आणि मुरारच्या बँकेत जनावरांसाठी ठेवलेली माझी मुदतठेवही तिलाच. पहिली शर्यत पळेपर्यंत पोर कोणालाही विकायची नाही. नंतर विकायची की ठेवायची ते शिखा ठरवेल, तिला अक्कल आहे. तिचं नाव मात्र कधीही, कोणीही बदलायचं नाही. संग्रामने याविरुद्ध काही केलं तर घर माझ्या मैत्रिणीच्या, लीलाच्या, भजनी मंडळाला जाईल, आणि त्या बाया पहाटे चारला पेटी काढतात.

शिखाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आजी, तू टेन्शन नको घेऊ, मैं सब देख लूँगी. तू बस ठीक होकर आ.’ तिचं मराठी असं मधूनच रस्ता सोडतं. पण बोलते ते करते.

कलम पाचवे. सूनबाई अपर्णाविषयी. माझे सगळे दागिने, गोठ-पाटल्यांसकट, अपर्णाला द्यावेत. याला दान म्हणू नये. हे देणं आहे.

आमच्याकडे नव्या नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. नवरी बघत बसते. अपर्णा या घरात आली तेव्हा तिचं नाव गरिमा होतं. चांगलं, शिकलेल्या घरातलं नाव. संग्रामला तेच ठेवायचं होतं. मीच म्हटलं, नाही, रीत आहे. ‘अपर्णा’ मी सुचवलं. अंगठी त्याच्या हातात होती, पण नाव माझं होतं. ती तांदळाकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मी ओळखत होते, तरीही ताट उचलून आत नेलं आणि त्या तांदळाची खीर केली.

गरिमा, माझं चुकलं. समोर म्हणायची हिंमत झाली नाही. सत्तावीस वर्षं रोज सकाळी तुझ्या हातचा चहा घेतला आणि एकदाही जमलं नाही. तुला हवं असेल तर तुझं नाव परत घे. कोणी हसलं तर हा कागद दाखव. आणि शिखाच्या लग्नात ताट मांडलंच तर त्यात ‘शिखा’ असंच लिहावं. जावयाला वेगळं नाव सुचलं तरी.

कलम सहावे. पोरीचं नाव.

आता जे लिहिते ते घरात कोणालाही माहीत नाही. यंदा मंडळाने वंशावळ नव्याने छापायला टाकली आहे. दसऱ्याला प्रत्येक धुमाळाच्या घरी एकेक प्रत जाणार. भाऊजी कच्ची प्रत घेऊन मला दाखवायला आले. मी चष्मा पुसून पाहिलं. ह्यांच्या नावाखाली एक नवी फांदी काढलेली आणि तिच्यावर आमची पोर! रंगीत, चारी पाय उचलून, आणि खाली रिकामी जागा: ‘नाव ठरल्यावर भरावे’. तिच्या शेजारी, बारीक अक्षरांत, जगदाळ्यांची कन्या. अठ्ठावन्न वर्षं ज्या झाडावर मला नाव मिळालं नाही तिथे माझ्या घोडीला फांदी मिळाली. मला राग यायला हवा होता. पण मला एकदम सुचलं, आणि मी भाऊजींना पेढा दिला. त्यांना तो सत्कार वाटला.

नावाच्या फॉर्ममध्ये पसंतीची तीन नावं द्यायची असतात. मी तिन्ही जागी एकच लिहिलं. परवा मंजुरी आली. शिखा धावत आली, ‘आजी, अप्रूव्ह हो गया! पण हौसा कोण आहे?’ मी म्हटलं, माझी एक जुनी मैत्रीण होती, कोरेगावकडची. शिखा म्हणाली, ‘क्यूट नाव आहे.’

संध्याकाळी भाऊजींचा फोन. ‘वहिनीसाहेब, छपाई अडली आहे. नाव ठरलं का?’ मी सांगितलं, हौसा. ते म्हणाले, ‘वा! वा! अस्सल मराठमोळं. आपल्या घराण्याला शोभणारं नाव.’

आता ऐका. सदुसष्ट साली वीस वर्षांची एक मुलगी कोरेगावकडून तीन गाड्या बदलून ग्वाल्हेरला या घरात लग्न होऊन आली. तिच्या आईला आधीचे चार मुलगे, त्यांच्यावर ही हौसेने मागून घेतलेली मुलगी, म्हणून नाव हौसा. सासूबाईंनी ते ऐकलं आणि भर मांडवात म्हणाल्या, ‘हे काय मोलकरणीचं नाव? आपल्या घराण्याला शोभत नाही.’ कान्होजी तेव्हा सोळा वर्षांचे होते, जवळच उभे राहून लाडू खात होते. त्यांनी हे ऐकलेलं आहे, पण त्यांना आठवणार नाही, लाडू आठवेल. ह्यांनी तांदळात ‘शालिनी’ लिहिलं. त्यानंतर सासरी मला हौसा म्हणून कोणी हाक मारली नाही. आई गेली तेव्हा हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं. आज सकाळी भटजींनी बायकांकडची नावं विचारली, तर आपल्या पणजीच्या जागी संग्राम नुसता खोकला. उद्या माझ्या जागी तो ‘शालिनी’ म्हणेल, आणि ती कोण होती ते मलाही नीट सांगता येणार नाही.

रमाकांतांना मी विचारलं होतं, घोड्याचं नाव बदलता येतं का? ते म्हणाले, ‘येतं बाई, पण मग जुनं नाव कंसात छापतात. पळणाऱ्याची ओळख पुसायची नसते.’ आमच्यात कोणी कंससुद्धा केला नाही.

तर पोरीचं नाव हौसा. ते दसऱ्याला धुमाळांच्या झाडावर छापून येईल, घराघरांत लागेल, आणि डिसेंबरात मुंबईला एक माणूस भोंग्यावरून हजारो लोकांपुढे ते घसा फोडून ओरडेल. ती पहिली येवो नाहीतर शेवटची, तो नाव घेईलच. बुधवारनंतर मी असले तर शिखा मला नेणार आहे. नसले तर कोणीतरी माझ्यासाठी ते ऐकून यावं, एवढी माझी मागणी आहे. मला फार भीती वाटते आहे, पण झडपेची तेवढी नाही.

कलम सातवे, किरकोळ. शिलाईचं यंत्र दाना ओलीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, लीलाला, द्यायचं होतं. पण साक्षीदाराला वारसा घेता येत नाही म्हणे. म्हणून ते काल टेम्पोत घालून पाठवून दिलं. लीला, पायपट्टा नवा टाक. पुदिनीचा खरारा गरिमाने हातात घ्यावा. घोडी तिचं ऐकते. तेराव्याला जिलबी करावी, खीर नको. भाऊजींनी भाषण केलं तर करू द्यावं, पण माझं नाव घेऊन करावं. कुठलंही एक घ्यावं, एक आधार कार्डावर छापील आहे, दुसरं तोवर झाडावर आलेलं असेल.

हे सात कलमी मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि साक्षीदारांसमोर सही करते आहे.

मुक्काम मुरार, ग्वाल्हेर. भाद्रपद अमावास्या, रविवार, २१ सप्टेंबर २०२५.

सही:
शालिनी विश्वासराव धुमाळ
(पूर्वीची हौसा बाजीराव जगदाळे)

साक्षीदार पहिले: डॉ. सौरव, पशुवैद्य, मुरार. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. माझं शिक्षण जनावरांचं असलं तरी एवढं मी सांगू शकतो.

साक्षीदार दुसरी: लीला, दाना ओली, लश्कर. सही माझ्यासमोर झाली. ती कंसातली ओळ लिहीत होती तेव्हा मी तिचं मनगट धरलं. अक्षर तिचंच आहे. पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि तिचं हे नाव मला आज कळलं. बुधवारी दिल्लीला मी बरोबर जाते आहे. आत नेतील तेव्हा मी तिला हौसा म्हणूनच हाक मारीन.